अप्पा वर गेले

अप्पा कुणालाही भेटले की आधी मान फिरवायचे. समोरच्याकडे बघायच्या अगोदर डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मग एका जागी थांबायचं. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय किंवा आपल्या तोंडाला वास येतोय. तसं काही नसायचं. दोन्ही कानांना वारा सारखा लागेपर्यंत ते मान फिरवत, आणि तो सारखा लागला की तोंड बरोबर वाऱ्याकडे झालं असं समजत. एवढं झाल्यावर मग माणसाकडे वळून म्हणायचे, "हां, बोला. बरं हाय का?" नांदेडचं स्टेशन असो, लातूरचा बसस्टँड असो की लग्नाचा मांडव, आधी वारा आणि मग माणूस हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

उलट आपण त्यांची खुशाली विचारली तर उत्तर ठरलेलं होतं. "बेजार हाय. पर चालू हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना, हे स्वतःबद्दल सांगतायत की यंत्राबद्दल. पुढे त्यांच्याबरोबर राहून लक्षात आलं, की तसा फरक ते करतच नव्हते.

आमच्या खात्याचं एक केंद्र हिमालयात आहे, गाडीरस्ता संपतो त्याच्याही वर. बर्फाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, आणि त्यांच्या मागे चढावर एक लोखंडी मनोरा. काम एकच, तिथली हवा मोजायची. तिच्यात धूर किती, धूळ किती, काजळी किती, हे वर्षानुवर्षं रोज टिपत राहायचं. गावी सुट्टीवर गेलो की लोक हटकून विचारायचे, की बाबांनो, घाण हवा इथे शहरात आहे, मग तुम्ही त्या ओसाड डोंगरावर काय मोजता? मी शास्त्र सांगत बसायचो आणि ऐकणारा जांभया द्यायचा. अप्पांचं उत्तर छोटं होतं. "दूध नासलं का न्हाई हे कळायला आधी चांगल्या दुधाची चव ठावी लागती. आमी तिथं चव बगायला बसलाव."

अप्पा चाकूरचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात दोन स्वेटर आणि वर खात्याचा जाडजूड कोट. मी हदगावचा. मराठवाड्यातली दोन माणसं एकाच डोंगरावर यावीत असं कुणी ठरवलं नव्हतं, बदल्यांच्या गोंधळात ते होऊन गेलं. मी पोचलो त्या दिवशी विरळ हवेने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. उलट्या करून भिंतीला टेकून बसलो होतो, आणि अप्पा माझ्यासमोर उकिडवे बसून विचारत होते, "हदगावचा म्हंता? मग तिकडं सोयाबीनला औंदा भाव काय हाय?" मी पुन्हा ओकलो. "ऱ्हाऊ द्या. दम धरा. दोन-तीन दिवसानं बेजारी कमी होती. जात न्हाई, पर कमी होती." त्या दिवसापासून मी त्यांचा 'हदगावकर' झालो. माझं खरं नाव त्यांना पगाराच्या कागदावर वाचावं लागायचं.

दम धरा हे त्यांचं बोलणं तिथे अगदी शब्दशः खरं होतं. हवेचा नमुना घ्यायचा म्हणजे काचेची बाटली घेऊन मनोऱ्यापाशी जायचं, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली हात लांब करून पुढे धरायची आणि ती भरेपर्यंत श्वास रोखायचा. नाही तर आपल्याच छातीतली हवा बाटलीत जाते आणि जगाची हवा म्हणून आपली फुंकर मोजली जाते. त्या उंचीवर आधीच श्वास पुरत नाही, तो आणखी रोखायचा म्हणजे डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बाटली भरली की आम्ही दोघे गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ धापा टाकत असू. मग अप्पा म्हणायचे, "लोकं म्हंत्यात, वारा येईल तशी पाठ द्यावी. सुखात ऱ्हायचं असंल तर खरंच हाय ते. आपल्या नशिबात मातर वाऱ्याला तोंड द्यायचं आलं." त्यात बढाई नव्हती. डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकताना शेतकरी काहीतरी बोलतो ना, तसं ते बोलणं होतं.

तिथल्या कामाचा कंटाळा काय चीज आहे हे सांगून कळायचं नाही. आज जो आकडा तोच काल, तोच परवा. बाहेर पांढरं, आत करडं. मी वैतागून म्हणायचो, "अप्पा, काहीच होत नाही हो इथे." ते चहात पाव बुडवत म्हणायचे, "कटाळा आला की समजायचं, काम नीट चालून राहिलं. आकडा नाचाया लागला तर कुठंतरी आग हाय." आणि खरोखरच कधी, खालच्या मुलखात शेतं पेटवायचे दिवस आले आणि आकडा हलला, की ते माझ्याकडे गंभीर चेहऱ्याने बघायचे. "हदगावकर, तुमच्याकडं पऱ्हाट्या पेटिवल्या वाटतं." हदगावच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा धूर तिथे कसा येईल, पण दर वर्षी हा विनोद व्हायचा आणि दर वर्षी मी हसायचो, कारण हसायला दुसरं काही नव्हतं.

अप्पांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, चाकूरला होती. शेत, सासू, एक गाय आणि दोन मुलींची लग्नं, हे सगळं तिने एकटीने ओढलं. अप्पा आधी एका वर्षासाठी म्हणून वर गेले होते. बदली माणूस आला नाही म्हणून दुसरं वर्ष राहिले, आणि मग बदली माणूस हा नुसता बोलायचा विषय झाला. "बदली येऊन राहिली," ते म्हणायचे, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक असायचं की कुणी येत नाही. वर्षातून एक सुट्टी मिळायची. बाकी सगळा संसार त्या नवरा-बायकोने सोमवारवर चालवला होता.

सोमवार म्हणजे असा. सकाळी गाईची धार काढून झाली की अक्का चाकूरला देवापुढे गोवरीचा निखारा करायची, त्यावर ऊद टाकायची, आणि अप्पांच्या मोबाइलला एक मिस कॉल द्यायची. आमच्या केंद्रात रेंज एकाच खिडकीत यायची. सोमवारी सकाळी अप्पा अंघोळ करून त्या खिडकीशी मोबाइल ठेवून बसलेले असत. घंटी एकदा वाजून बंद पडली की सामानाच्या खोलीत जाऊन आपल्या गोवरीला काडी लावायचे, ऊद घालायचे, आणि परत येऊन तिला एक मिस कॉल द्यायचे. म्हणजे माझाही धूप लागला. दोघं फोनवर बोलायचे ते फार कमी. "बोलायला काय हाय? ती म्हंती जेवलात का, मी म्हंतो जेवलो. त्यापेक्षा घंटी बरी." आणि ती गोवरी तिथली चालायची नाही. ती अक्काने, घरच्या गाईच्या शेणाची, स्वतः थापलेलीच लागायची.

त्या गोवऱ्या वर पोचवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. सुट्टी संपवून निघालो की मी हदगावहून नांदेडला यायचो, तिथे अक्काने कुणाबरोबर तरी पाठवलेली पिशवी स्टेशनवर माझी वाट बघत असायची. तळहाताएवढ्या, एकसारख्या, खडखडीत वाळलेल्या गोवऱ्या, प्रत्येक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या गाडीत, शीख भाविकांच्या गर्दीत, मी शेणाची पिशवी मांडीवर घेऊन बसायचो. एकदा पोलिसाने ती उघडायला लावली. "ये क्या है?" मी म्हटलं, उपले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "पंजाब में उपले नहीं मिलते क्या?" शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सरदारणीने विचारलं, "घर के हैं, पुत्तर?" मी मान हलवली. तिने पोलिसाला हाताने पुढे जायची खूण केली आणि तो गेला. वर पोचल्यावर हा किस्सा सांगितला तर अप्पा म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाच्या गवऱ्या मसणात गेल्या म्हंत्यात. आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत, पुरत्यात, त्यामुळं माझ्या मसणात जायाच्या न्हाईत. म्हणून हिकडं आल्या."

याच काळातली माझी एक चूक अप्पांनी जन्मभर जपून ठेवली. मनोरा खोल्यांपासून वर चढावर, म्हणून आमच्या बोलण्यात 'वर' म्हणजे मनोरा. मी नवीन होतो. अप्पा नमुना घ्यायला गेले होते आणि खिडकीतला त्यांचा मोबाइल वाजायला लागला. एकदा वाजून थांबला नाही म्हणून मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज. "हायत का हे?" मी आदबीने सांगितलं, "अप्पा वर गेले." मग चाकूरहून असा हंबरडा ऐकू आला की माझ्या हातातून मोबाइल पडला आणि रेंज गेली. काय झालं हे मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तसा धावत चढावर गेलो, त्या हवेत धावणं म्हणजे काय ते सांगत नाही. अप्पा बाटली हातात धरून श्वास रोखून उभे. मी ओरडतोय, "अप्पा, तुम्ही मेलात असं त्यांना वाटलंय," आणि ते डोळ्यांनीच दटावतायत, थांब, बाटली भरू दे.

रेंज मिळेपर्यंत चाकूरला गल्ली जमली होती आणि उदगीरला दिलेली मुलगी बसमध्ये बसली होती. अप्पांचा आवाज ऐकून अक्का आधी रडली आणि मग तिने माझा उद्धार केला. "कोण हाय ते मेलं? जीभ झडंल त्याची!" त्यानंतर अक्काचा कायदा झाला, की फोनवर 'वर' हा शब्द काढायचा नाही. 'मनोऱ्याला गेलेत' म्हणायचं. मी तो कायदा कसोशीने पाळला. अप्पा मात्र नव्या पाहुण्याशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हे हदगावकर. ह्यांनी मला एकदा मारलेलं हाय."

मग काजळी मोजायचं नवं यंत्र आलं. त्याच्या आधी आमच्या बाटल्यांना बारीकसारीक धुराचा पत्ता लागत नसे. या यंत्राचं नाक तिखट. महिनाभरात दूरच्या मुख्य कार्यालयाने कळवलं, की तुमच्याकडे अधूनमधून काजळी एकदम चढते आणि थोड्या वेळात उतरते, जवळपास कुठेतरी धूर होतोय, शोधा. अप्पांना ही गोष्ट फार लागली. त्यांच्या केंद्रावर धूर! त्यांनी जनरेटर खोलला. केंद्रावरच्या स्वयंपाक्याच्या रॉकेलच्या शेगडीला नावं ठेवली, त्या बिचाऱ्याला दोन दिवस थंड जेवण करायला लावलं. घाटातल्या ट्रकवाल्यांवर ठपका ठेवला. तरी आकडा चढायचाच. एक दिवस आलेख पुढे ठेवून आम्ही दोघे बसलो होतो. शेजारी कॅलेंडर होतं. मी वार बघितले, त्यांनीही बघितले. प्रत्येक चढाव सोमवारचा होता.

त्यांनी मुख्य कार्यालयाला स्वतः उत्तर पाठवलं. धुराचं कारण सापडलं, ते कारण मीच, यापुढे होणार नाही, इतकंच. स्वयंपाक्याची माफी मागितली आणि त्या दिवशी त्याच्या पातळ डाळीला काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "अप्पा, आठवड्यातून एकदाचा तर धूप. तेवढी वेळ आकड्यांवर खूण करून बाजूला ठेवू. सगळीकडे करतात." ते म्हणाले, "दुसऱ्याचा धूर आसता तर आपून खूण केली आसती का बोंब मारली आसती?" मग म्हणाले, "तिला सांगू नका, हदगावकर. तिला यंतर कळंल, समदं कळंल. पर मग ती गवऱ्या थापायची बंद करंल. आन मग आमच्या दोघात ऱ्हातंय काय?"

तेव्हापासून सोमवार नवीन तऱ्हेचा झाला. घंटी वाजायची. अप्पा ट्रंकेतून एक गोवरी काढायचे, बाहेर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून ती न पेटवलेली गोवरी ओंजळीत धरून उभे राहायचे. मध्येच नाकाशी न्यायचे. "वास येतो की. कडब्याचा येतो." मग गोवरी पुन्हा कागदात गुंडाळून ट्रंकेत, आणि खिडकीशी येऊन चाकूरला एक घंटी. "खोटं तर बोलत न्हाई मी. निस्ती घंटी वाजिवतो." हे ते मला सांगायचे की स्वतःला, कुणास ठाऊक. पण घंटी दिल्यावर त्यांचा चेहरा दिवसभर उतरलेला असायचा.

गोवऱ्या येतच राहिल्या, मी आणतच राहिलो. एक ट्रंक भरली, दुसरी भरायला लागली. एका हिवाळ्यात रस्ता बंद पडला आणि रॉकेल संपत आलं. थंडी अशी की बोलायला तोंड उघडवेना. स्वयंपाकी ट्रंकेकडे बघून हळूच म्हणाला, "अप्पाजी, आपका खजाना कब काम आएगा?" बंद शेगडीत, नळकांड्यातून दूर खालच्या अंगाला धूर सोडून त्या जाळता आल्या असत्या, तशी सोय होती. अप्पांनी आपली रजई त्याच्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "बाईमाणसानं देवासाठी थापल्यात त्या. पाय शेकायला न्हाईत." मी त्या वेळी मनातून त्यांच्यावर चिडलो होतो. मलाही थंडी वाजत होती.

शेवटी सेवानिवृत्तीच आली, बदली काही आली नाही. माझीही फुप्फुसं कुरकुरायला लागली होती, मला नांदेडला खाली पाठवलं, म्हणून आम्ही बरोबरच उतरलो. मी म्हटलं, ट्रंका इथेच सोडू. "सोडू कुठं? शेण हाय म्हणून का?" दोन ट्रंका, अमृतसरची गाडी, नांदेड, मग चाकूरची बस. कंडक्टरने विचारलं, काय आहे आत? अप्पांनी सांगितलं, "संसार."

अक्काने दारात भाकरतुकडा ओवाळला. शेजारपाजारचे 'शरणु शरणार्थी' असा नमस्कार करून गेले. मी चहा पीत होतो, आणि अप्पांचे लोकरी कपडे उन्हात टाकावे म्हणून अक्काने पहिली ट्रंक उघडली. अप्पांनी हात पुढे केला, पण उशीर झाला होता. तिने एक पुडा सोडला, दुसरा सोडला. कागदांवरच्या जुन्या बातम्या बघितल्या. मग दुसरी ट्रंक उघडली. तीही गोवऱ्यांनीच भरलेली.

"एक बी लावली न्हाई?"

अप्पा म्हणाले, "एक यंतर आलं होतं..."

"मग दर सोमवारी घंटी कशाची वाजिवत होतात?"

अप्पांनी सवयीने मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवली. घरात वारा नव्हता.

"मंजी मी एकलीच लावून राहिले होते व्हय," अक्का म्हणाली. ना मोठ्याने, ना रागाने. दमलेल्या बाईचा आवाज होता तो. "मला वाटायचं, तिकडं बी लागला आसंल." तिने पुडे पुन्हा बांधले, ट्रंका पुतण्याकडून माळ्यावर चढवल्या, आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला चुलीकडे गेली. जेवताना तिने मला तीनदा वाढलं आणि अप्पांना एकदाही विचारलं नाही.

पुढचे काही महिने त्या घरात बोलणं नव्हतं असं अप्पा फोनवर सांगायचे. "बेजार हाय. पर चालू हाय." मग मळणीयंत्राच्या भुशाचे दिवस आले आणि त्यांना धाप लागायला लागली. लातूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, फुप्फुसं थकलीत, धूळ-धूर वर्ज्य. अप्पांना याचंच नवल. "आयुष्यभर इतकी चांगली हवा दिली त्यांना, तरी थकलीच." आता घरातही धूप नको, चुलीजवळ बसायला नको. नवरा घरी आला होता, आणि तिच्या धुपाच्या जवळ येऊन बसायची त्याला पुन्हा मनाई झाली होती. मला नांदेडात हे ऐकून इतकं वाईट वाटलं, की पुढच्याच सोमवारी रजा टाकून पहिल्या बसने चाकूरला गेलो.

गेलो तर अप्पा समोरच्या ओट्यावर खुर्चीत, पांघरूण घेऊन बसलेले. मान जेमतेम हलवून झाली, मग मी बरा आहे का विचारून झालं. आतून अक्का पदराला हात पुसत आली. मला बघून म्हणाली, "आलास व्हय? बग रं, वारा कुठला हाय? ह्यांना आता मान फिरिवली की चक्कर येती." मी ओट्याखाली उतरून मान फिरवली. "दक्षिणेचा, अक्का." तिने खुर्ची धरून अप्पांना ओट्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला सरकवलं, जिथे परसातला धूर येणार नव्हता, आणि धूप लावायला मागच्या दाराने परसात गेली. थोड्या वेळाने अप्पांच्या खिशात मोबाइल वाजला, एकदाच, आणि बंद पडला. अप्पांनी चष्मा वर केला, बोटाने बटण शोधलं आणि घंटी दिली. परसातून तिच्या मोबाइलचा आवाज मला ऐकू आला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तिनंच काढलं," अप्पा म्हणाले. "म्हंली, तुम्ही आता निस्ती घंटीच देत जावा. मला ठावं हाय, तुमचा लागत न्हाई म्हणून. पर द्या." बोलताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. डोळे ओले होते आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हलकं झालेलं पाहिलं नव्हतं. निघताना मी म्हटलं, येतो पुन्हा. "या. दम धरून ऱ्हावा," ते म्हणाले.

नांदेडला माझं यंत्र एका इमारतीच्या गच्चीवर आहे. खाली रस्ता, हॉटेलं, रिक्षा. आकडा दिवसभर नाचतो आणि कुणी विचारत नाही की वारा कुठला. मीही थकलो आहे. पण गच्चीवर गेलो की आधी माझी मान आपोआप फिरते, आणि शिपाई मला विचारतो, "साहेब, कान दुखतो का?"

त्या दिवशी गच्चीवरच होतो. मोबाइल वाजला, एकदा वाजून थांबला नाही. अक्का होती. म्हणाली, "हे वर गेले, भाऊ."

तिनेच बंदी घातलेला तो शब्द. मला क्षणभर तो मनोरा दिसला, चढावर बाटली धरून उभे अप्पा दिसले, आणि तोंडात आलं होतं की मग थोड्या वेळाने फोन करतो. मग कळलं. मी खाली बसलो. पलीकडे अक्का रडत नव्हती. त्या एका बातमीचं रडणं तिचं एकदा रडून झालेलं होतं.

चाकूरला पोचलो तेव्हा अप्पांना ओट्यावर बसवलं होतं, त्यांच्यात बसवूनच नेतात. भजन चालू होतं. स्वामी आले होते, समाधीत घालायला भस्म, म्हणजे गोवरीची राख, लागणार म्हणून कुणीतरी दुकानातून आणायला निघालं होतं. अक्काने त्याला थांबवलं. पुतण्याला माळ्यावर चढवलं आणि दोन्ही ट्रंका खाली घेतल्या. बायका म्हणाल्या, तुम्ही बसा, आम्ही जाळतो. "थापल्यात मी. जाळीन बी मीच," ती म्हणाली. परसात तिने एकेक कागद सोडून गोवऱ्या रचल्या. माझ्या मांडीवरून हिमालयात गेलेल्या आणि माझ्याच डोक्यावरून परत आलेल्या गोवऱ्या, एकीचीही कड न झिजलेल्या. काडेपेटी हातात घेतली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वारा कुठला हाय, भाऊ?"

मी मान फिरवली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे काही दिसत नव्हतं, पण त्याला दिसावं लागत नाही. दोन्ही कानांना सारखा लागला. "मावळतीचा," मी म्हटलं. म्हणजे परसातला धूर सरळ ओट्यावर, अप्पांच्या अंगावर जाणार.

उदगीरची लेक रडत म्हणाली, "आई, आता धुरानं काय होणार हाय त्यांना?"

"तुला काय ठावं," अक्का म्हणाली. "त्यांना चालत न्हाई." आणि ती रचलेल्या गोवऱ्या पुन्हा टोपलीत भरायला लागली. मी दुसरी टोपली घेतली. आम्ही दोघांनी सगळ्या गोवऱ्या उचलून घराला वळसा घालून ओट्याच्या पलीकडच्या अंगाला नेल्या, तिथे परत रचल्या, आणि मग तिने काडी ओढली.